विलीनीकरण हवं, वाटणी नको

महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये केंद्राला होकाराचं पत्र पाठवलं आणि कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन होण्यातला राज्यांकडचा शेवटचा अडसर निघाला. गोवा, कर्नाटक आणि केरळ आधीच तयार होते. तेव्हापासून आमच्या उत्तर गोव्यातल्या पेडण्यात चार माणसं जमली की हा विषय निघतोच. लग्नाच्या मांडवात निघाला, चवथीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना निघाला, आणि मडगावला जाणाऱ्या गाडीत तर हटकून निघतो. मी मडगावच्या एका औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब लिहिते. येता-जाता डब्यात जे कानावर पडतं ते ऐकत आले आहे, आणि ऐकता ऐकता माझं स्वतःचं मत पक्कं झालं आहे.

डब्यात सरळ दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, होऊन जाऊ दे एकदाचं, कंपनी आहे तोवर डबल लाईन आपल्या हयातीत दिसायची नाही. दुसऱ्याचं म्हणणं, आपल्या माणसांनी जमिनी देऊन उभी केलेली रेल्वे आता दिल्लीच्या फायलीत जाणार, मग आपलं गाऱ्हाणं ऐकणार कोण? मला दोघांचंही पटतं. पण या वादात जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा तो कोणी फारसा विचारत नाही. विलीन झाल्यावर रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर हा मार्ग एकाच हाताखाली राहणार, की शेजारच्या झोनांमध्ये वाटून टाकला जाणार?

तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून थोडं मागचं सांगते. कोकण रेल्वे ही मध्य रेल्वे किंवा पश्चिम रेल्वेसारखा झोन नाही, ती कंपनी आहे. जुलै १९९० मध्ये ती स्थापन झाली. तेव्हा मंगळुरूत जन्मलेले जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि राजापूरमधून निवडून येणारे मधू दंडवते अर्थमंत्री होते. एवढा मोठा मार्ग बांधायला रेल्वेकडे एकरकमी पैसा नव्हता, म्हणून कंपनी काढून रोखे विकून पैसा उभारायचा मार्ग निघाला. सुरुवातीच्या भांडवलात ५१ टक्के वाटा भारतीय रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ टक्के कर्नाटकचा, आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के. ई. श्रीधरन यांच्या हाती काम दिलं गेलं. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे धरून दोन हजारांच्या आसपास पूल, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग गाड्यांना खुला.

गोव्यात हे सगळं सुखासुखी झालं नाही. १९९२-९३ साली मी म्हापशाला कॉलेजात होते. दक्षिणेकडे आणि तिसवाडीत मार्ग बदला म्हणून मोठं आंदोलन उभं राहिलं. त्यांचं म्हणणं होतं, किनाऱ्याजवळून रूळ टाकले तर खाजन शेतीचे बांध, पाण्याच्या वाटा आणि जुन्या गोव्याचा परिसर धोक्यात येईल, त्यापेक्षा रेल्वे आतल्या बाजूने, डोंगराकडून न्या. १९९३ मध्ये केंद्राला गोव्यातलं काम थांबवावं लागलं, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला, आणि नंतर काम पुन्हा सुरू झालं. आमच्या पेडण्यात मात्र हवा उलटी होती. इथल्या घराघरातला एक माणूस मुंबईत गिरणीत, गोदीत नाहीतर कुणाच्या तरी दुकानात होता, आणि त्याला घरी यायचं तर रात्रभर एसटीत अंग मोडून घ्यावं लागायचं. आम्हाला गाडी हवी होती. तरीही खाजनाच्या बांधाची काळजी करणाऱ्यांना मी तेव्हाही विकासाचे वैरी म्हटलं नाही आणि आज तर मुळीच म्हणणार नाही. भरतीच्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडून राखलेली ती जमीन आहे. तिची किंमत तिथे राबणाऱ्यालाच कळते.

आमच्या घरचं म्हणाल तर सासऱ्यांचं काजूचं भाट, म्हणजे बागायत, या रेल्वेत गेलं. त्यांनी कागदावर सही केली तेव्हा मी या घरात नव्हते. पण सासूबाई सांगायच्या, त्या हंगामाच्या शेवटच्या बिया गोळा करायला ते एकटेच गेले होते आणि उशिरापर्यंत परतले नव्हते. प्रकल्पात जमीन गेलेल्यांच्या मुलांना कोकण रेल्वेच्या नोकरभरतीत प्राधान्य असतं. त्यातून माझ्या जावेचा मुलगा ट्रॅकमन म्हणून लागला. आमच्या घरात विलीनीकरणाची चर्चा म्हणजे आधी त्याची चर्चा.

तो बोलायला कमी. पण परवा जेवताना म्हणाला, "काकी, पगार येईल तो येईल. मला एवढंच सांग, उद्या माझी बदली हुबळीकडे टाकली तर या बोगद्याकडे कोण बघणार?"

हा बोगदा म्हणजे मडुरे आणि पेडणे या स्थानकांमधला, मालप्याच्या डोंगरातला. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्यापुढे तो लहानच. पण करबुडे कातळात आहे आणि हा मऊ चिकणमातीत. बांधताना खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं, कामगार दगावले, वर्षानुवर्षं काम चाललं. सगळा मार्ग तयार असताना याच बोगद्याने उद्घाटन अडवून ठेवलं होतं. ६ ऑगस्ट २०२० रोजी याच्या आतली भिंत कोसळली आणि महिन्याहून जास्त काळ गाड्या पुणे, मिरज, लोंढा असा वळसा घालून मडगावला येत होत्या. ९ जुलै २०२४ रोजी तळातून पाणी आणि चिखल उसळून रुळांवर आला. साफ करून गाड्या सोडल्या, तर पहाटे पुन्हा तेच. त्या दोन दिवसांत पुतण्या घरी आला तो फक्त कपडे बदलायला. मांडीपर्यंत तांबडा चिखल वाळून सालपटासारखा सुटत होता. जावेने पेज वाढली, ती त्याने उभ्यानेच प्यायली आणि गेला.

त्याला आणि त्याच्याबरोबरच्यांना या डोंगराची नस कळते. कुठल्या कटिंगमधून पहिल्या पावसात पाणी पाझरतं, कुठला झरा मिरगात जागा होतो आणि कुठला श्रावणात, कुठे मातीचा रंग बदलला की सावध व्हायचं, हे त्यांना पाठ आहे. हे ज्ञान कुठल्याही नियमावलीत पूर्ण उतरत नाही. आणि ते एका माणसापुरतंही नाही. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, महाडजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलाजवळ घसरली. त्या दोन पावसाळ्यांनंतर या रेल्वेने आपली पावसाळ्याची एक वेगळी शिस्त बसवली. दरवर्षी वेगळं पावसाळी वेळापत्रक लागतं. आधी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ पासून १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. या काळात सहाशेहून अधिक माणसं रुळांवरून रात्रंदिवस गस्त घालतात. पाऊस इतका असला की पुढचं दिसेना, तर चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा असा हुकूम आहे. मांडवी, झुआरी, शरावती आणि रत्नागिरीजवळचा पानवल, या चार पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं आहेत.

आता विचार करा. आज सावित्रीला पूर आला की ती बातमी एकाच कंपनीच्या नियंत्रण कक्षात पोचते, आणि तिथूनच मडगावला, कारवारला, उडुपीला कुठली गाडी कुठे थांबवायची ते ठरतं. उद्या रोह्यापासून मडगावपर्यंतचा भाग मुंबईच्या मध्य रेल्वेला, मडगाव ते कारवार हुबळीच्या दक्षिण पश्चिम रेल्वेला आणि पुढचा दक्षिण रेल्वेच्या पालक्काड विभागाला दिला, तर एकाच पावसाची तीन कार्यालयं तीन वेळापत्रकं करतील. त्यातल्या कुणाचाच हा मुख्य मार्ग नसेल. मध्य रेल्वेचा जीव मुंबईच्या लोकलमध्ये आणि घाटात अडकलेला. दक्षिण पश्चिम रेल्वेचं पोट खनिजावर आणि कोळशावर चालतं. त्यांच्या कामाला नाव ठेवायचं म्हणून हे सांगत नाही. ज्याच्या नकाशात आपण कडेला असतो, त्याच्या ताळेबंदातही आपण कडेलाच असतो.

वाटणीची भीती मी मनाने रचलेली नाही. देशात झोनांचा नकाशा जेव्हा जेव्हा बदलला तेव्हा लोक रस्त्यावर आले आहेत. २००२ मध्ये नीतीश कुमार रेल्वेमंत्री असताना पूर्व रेल्वेचा भाग तोडून हाजीपूरला मुख्यालय असलेला नवा झोन केला, तेव्हा ममता बॅनर्जींनी बंगालच्या वतीने कडाडून विरोध केला होता. एप्रिल २००३ पर्यंत नवाचे सोळा झोन झाले. त्याच वेळी आमची वास्को-कुळे लाईन सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेतून हुबळीच्या दक्षिण पश्चिम रेल्वेत गेली. ती लाईन मुळात पोर्तुगीज काळातली, १८८० च्या दशकात मुरगाव बंदर घाटावरच्या मुलखाशी जोडायला बांधलेली. म्हणजे गोव्याएवढ्या राज्यात आज दोन रेल्वे आहेत, एक हुबळीच्या हुकमाने चालते आणि दुसरी, म्हणजे कोकण रेल्वे, तिच्या बेलापूरच्या मुख्यालयाच्या. आंध्रात विशाखापट्टणमला नवा झोन २०१९ मध्ये जाहीर झाला, आणि आनंद व्हायच्या आत लोक चिडले, कारण जुन्या वॉल्टेअर विभागाचे तुकडे होणार होते आणि लोहखनिज वाहणारी किरंदुलकडची कमाईची लाईन ओडिशातल्या रायगडा विभागाकडे जाणार होती. वॉल्टेअरचं उरलेलं अंग विशाखापट्टणम विभाग म्हणून टिकवायचा निर्णय व्हायला २०२५ उजाडावं लागलं. हे सगळं त्या लोकांना नकाशा छापून झाल्यावर भांडून मिळवावं लागलं. आपल्याला अजून बोलायला वेळ आहे.

दुसऱ्या टोकालाही असंच आहे. मंगळुरूचे लोक कित्येक वर्षं म्हणत आहेत की आमचं स्थानक पालक्काडला बांधलंय, एक लाईन म्हैसूरकडे, ठोकूरपासून कोकण रेल्वे, आणि तीन मालकांच्या मध्ये आम्ही. विलीनीकरणाची मागणी तिथे आमच्याहून जास्त मोठ्याने होते. उडुपीचे खासदार कोटा श्रीनिवास पूजारी यांनी तो विषय सतत लावून धरला. त्यांची कळकळ मला समजते. पण किनारी कर्नाटकचा प्रश्न सोडवताना मडगावला कात्री लागू नये, हे सांगायचं काम आपल्या खासदारांचं आहे.

मग विलीनीकरणाला विरोध का करत नाही, असं मला नणंदेने विचारलं. ती मडगावला राहते आणि तिच्या मते जे चाललंय ते बरं चाललंय. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट तिकिटाची. कोकण रेल्वेवर भाडं लावताना अंतर ४० टक्के वाढवून धरतात. म्हणजे गाडी १०० किलोमीटर धावली तर पैसे १४० चे. कर्ज काढून बांधलेला अवघड मार्ग, त्याची फेड करायची, म्हणून सुरुवातीला हे समजण्यासारखं होतं. पण पहिल्या गाडीत मांडीवर बसून आलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना घेऊन चवथीला येतात आणि वाढीव अंतर भरतातच. लातूरच्या किंवा नाशिकच्या माणसाला जो दर, तो कणकवलीच्या आणि पेडण्याच्या माणसाला का नसावा? विलीन झाल्यावर ही वाढ गेली नाही तर विलीनीकरणाचा सामान्य प्रवाशाला काडीचा उपयोग नाही, असं मी स्पष्ट म्हणते.

दुसरी गोष्ट पैशाची. झोनला रेल्वेच्या अर्थसंकल्पातून जशी थेट तरतूद होते तशी या कंपनीला होत नाही. सगळा मार्ग विजेवर आला, त्याचं लोकार्पण जून २०२२ मध्ये झालं. वंदे भारत २७ जून २०२३ पासून मुंबई ते मडगाव धावते. पण डबल लाईन म्हणाल तर रोहा ते वीर, जेमतेम ४७ किलोमीटर, तीही ऑगस्ट २०२१ मध्ये पुरी झाली. बाकी सगळा एकेरी रूळ. त्याच एका रुळावर राजधानी, वंदे भारत, तेजस, मांडवी, कोकणकन्या, नेत्रावती, मालगाड्या, ट्रक वाहून नेणारी रो-रो आणि आमची पॅसेंजर. एकाने जायचं तर दुसऱ्याने लूप लाईनला उभं राहायचं, आणि उभं राहायची पाळी कुणाची हे सांगायला नको. आता इथे कुणाला बोल लावणार? रूळ एक आहे आणि गाड्या पन्नास मागताहेत. चवथीला जादा गाड्या सोडल्या की हाच एक रूळ आणखी ताणला जातो. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं आणि बघता बघता वेटिंग लागतं, मुंबईत भावजींनी सकाळी आठच्या आधीपासून दोन मोबाईल हातात धरले तरी.

तिसरी गोष्ट बघायची असेल तर सावर्ड्याला जा. केंद्राच्या अमृत भारत स्थानक योजनेत गोव्यातली दोन स्थानकं घेतली, वास्को आणि सावर्डे. दोन्ही हुबळीकडची. गोव्यातलं सगळ्यात गजबजलेलं मडगाव त्या यादीत नव्हतं, कारण ते कंपनीचं. मडगावला उतरणारा प्रवासी कंपनी आणि खातं असा भेद करत नाही. त्याला वयस्कर आईला घेऊन एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जायचं असतं.

कंपनीने काही केलं नाही, असं मात्र कुणी माझ्यासमोर म्हणू नये. जम्मू-काश्मीरमधला चिनाबवरचा पूल, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, ६ जून २०२५ रोजी खुला झाला. त्या कठीण टप्प्याची जबाबदारी कोकण रेल्वेकडे होती. इथल्या दऱ्यांत जे शिकले ते तिथे हिमालयात कामी आलं. टीव्हीवर तो पूल दाखवत होते तेव्हा पुतण्याने आवाज वाढवला आणि आम्हा सगळ्यांना चूल सोडून बाहेर बोलावलं. इतका बोलका तो एरवी नसतो. ही माणसं, हे कसब विलीनीकरणात विखुरता कामा नये. कंपनीचा बांधकामाचा भाग वेगळा ठेवा, नाहीतर झोनच्या आत ठेवा, पण त्यांची फौज मोडू नका.

आता सर्वांत अवघड भाग. माझी जुनी सहकारी वेळसांवची. तिच्या घराच्या मागून वास्कोची लाईन जाते. ती मला म्हणाली, "तुमका गाडी जाय म्हूण डबल लायन जाय. आमगेर डबल लायन येतली ती कोळशाक." तिच्या बोलण्याला उत्तर देणं सोपं नाही. मुरगाव बंदरातला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, आणि वास्को ते होस्पेट दुहेरीकरण त्यासाठीच आहे असं दक्षिण गोव्यातल्या लोकांचं म्हणणं आहे. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री चांदरला हजारो लोक रुळांवर येऊन बसले होते, मेणबत्त्या घेऊन, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. ज्यांनी हे सगळं पाहिलं त्यांना विलीनीकरण म्हणजे दोन्ही लाईनी एकाच मालकाच्या हाती, आणि मग कोळशाला मोकळं रान, असंच दिसणार.

म्हणून मला वाटतं, डबल लाईन मागताना आपण पेडणेकरांनी वेळसांवच्या माणसाला सोबत घेऊन मागायला हवं. कोकण मार्गावर दुसरा रूळ टाकायचा तर तो प्रवाशांसाठी, हे आधी लिहून द्या. आधी क्रॉसिंग स्थानकं वाढवा, जिथे डोंगर आणि खाजन दोन्ही वाचतात तिथून टप्प्याटप्प्याने सुरुवात करा, आणि जिथे घरांना खेटून जायचं आहे तिथल्या लोकांना आधी विचारा. १९९३ मध्ये उत्तर आणि दक्षिण गोवा या रेल्वेवरून एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले होते. ते मला पुन्हा बघायचं नाही.

आता अटींचं. महाराष्ट्राने होकार देताना दोन गोष्टी लिहून मागितल्या. विलीनीकरणानंतरही 'कोकण रेल्वे' हे नाव राहावं, आणि राज्याने भांडवलात घातलेले चारशे कोटींच्या जवळपास रुपये परत मिळावेत. नावाचा आग्रह काही जणांना भावनेचा वाटतो. मला तो फार व्यवहाराचा वाटतो. नाव राहिलं तर मार्ग अखंड ठेवावा लागतो. तीन तुकडे केल्यावर नाव लावणार कुठल्या तुकड्याला? गोव्याचा मूळ वाटा ६ टक्के. लहान दिसतो, पण त्या वाट्यामुळे कंपनीच्या संचालक मंडळात राज्याच्या प्रतिनिधीला जागा होती. झोन झाल्यावर ती खुर्ची जाणार आणि उरणार ती सल्लागार समिती, जिथे बोलता येतं पण ठरवता येत नाही. खुर्ची सोडायची असेल तर तिच्या बदल्यात काय घ्यायचं, हे आपल्या सरकारने विधानसभेत मांडून, चर्चा करून ठरवावं. सहा टक्के सरकारच्या तिजोरीतून गेले असतील, भाट आणि शेतं मात्र लोकांची गेली.

आणि त्या लोकांच्या मुलांचं काय? कंपनीत जमीन गेलेल्यांना जे प्राधान्य आहे ते झोनमध्ये आपोआप येणार नाही. तिथे भरती रेल्वे भरती मंडळाच्या देशभरच्या परीक्षेतून होते. माझ्या धाकट्या पुतणीने आयटीआय केलं आहे, तिच्यासारखी पेडण्यात, मये गावात, काणकोणात कितीतरी मुलं आहेत ज्यांच्या आजोबांची सही त्या कागदांवर आहे. विलीनीकरणाच्या आदेशात त्यांच्यासाठी एक कलम नसेल, तर पुढच्या पिढीला हे सांगायलाही कुणी उरणार नाही की आपला इथे काही हक्क होता.

आम्ही गाडीतल्या काही जणांनी मिळून एक निवेदन लिहिलं आहे. रेल्वेमंत्री, गोव्याचे मुख्यमंत्री आणि आपले दोन्ही लोकसभा खासदार यांना ते जाईल. मागण्या पाचच ठेवल्या आहेत. रोहा ते ठोकूर एकच अखंड झोन किंवा निदान एकाच झोनखाली, कोकण रेल्वे याच नावाने. भाड्यातलं ४० टक्के वाढीव अंतर विलीनीकरणाच्या दिवसापासून बंद. पावसाळी गस्त, यंत्रणा आणि ती चालवणारी माणसं आहेत तिथेच कायम. जमीन गेलेल्या कुटुंबांचं नोकरीतलं प्राधान्य आदेशात लेखी. आणि गोव्यातलं दुहेरीकरण प्रवासी गाड्यांसाठी, ग्रामसभांना विचारून. पाचवी मागणी निवेदनात घालावी की नाही यावर डब्यात बरीच खडाजंगी झाली. दोघे जण त्यामुळे सही न करताच उतरले. मी ती काढू दिली नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी पेडणे स्थानकाच्या बाहेर, रिक्षा उभ्या राहतात तिथल्या वडाखाली, आम्ही सह्या घेणार आहोत. थिवी आणि करमळीच्या प्रवाशांनी आपापल्या स्थानकावर पुढाकार घेतला तर मसुदा देता येईल. वेळसांवच्या मैत्रिणीने कोंकणीतून तो लिहून दिला आहे, दोन्ही प्रती सोबत असतील. सही करायच्या आधी वाचा, आणि काही चुकीचं वाटलं तर तिथेच सांगा, कारण सोमवारी तो टपालात पडणार आहे.